वीस परस खाली, एक माणूस काठावर

मॉरिशसला जायचं ठरलं ते माझ्या लेकीच्या मोबाईलवरून. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सई आजोळी गेली होती आणि ओट्यावर बसून आजोबांना एक व्हिडिओ दाखवत होती. पांढरी, बुटकी पाणबुडी. आत दहाएक माणसं, प्रत्येकापुढं एक गोल खिडकी, खिडकीबाहेर मासे. अण्णांनी तो तीनदा बघितला आणि विचारलं, "आत पानी येत न्हाई?"

"नाही आजोबा. एकदम कोरडं असतं. एसी पण असतो."

"मला दाखव हे."

सईनं चौथ्यांदा व्हिडिओ लावला.

"मोबाईलात न्हाई गं. खरं दाखव."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एकाहत्तर. पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरच्या अलीकडं आमचं गाव. चाळीस वर्षं त्यांनी विहिरी खणल्या, आधी दुसऱ्याच्या टोळीत आणि मग स्वतःची टोळी बांधून. आमच्याकडं विहिरीची खोली परसात सांगतात. एक परस म्हणजे साधारण एक उभा माणूस. अण्णा आठ परस, दहा परस सहज गेलेत, एकदा बारापर्यंत. पण चांगलं पाणी लागलं की खणणाऱ्याचं काम संपत येतं. नारळ फुटतो, शेताची मालकीण विहिरीची ओटी भरते आणि टोळी पुढच्या गावाला जाते. त्या दिवशी अण्णा म्हणाले, "समदी हयात पान्याच्या वर गेली. आत काय असतं ते कधी बघितलंच न्हाई." त्यांना पोहता येत नाही, हेही सांगायला हवं.

माझ्या वडिलांनी माझ्याकडं आजवर काही मागितलेलं नव्हतं. त्यामुळं मी नगरला परतले आणि त्याच आठवड्यात चौकशीला लागले. अंदमानला एक बोट आहे, तिचा पोटाचा भाग पाण्याखाली असतो आणि काचेतून प्रवाळ दिसतात. स्वस्त पडलं असतं. फोनवर अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "अर्धी नको. पुरी बुडनारी बघ." पुरी बुडणारी मॉरिशसला होती.

आधी कामाच्या गोष्टी सांगते. भारतीयांना मॉरिशसचा व्हिसा विमानतळावर फुकट मिळतो. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं, आणि एक ऑनलाईन फॉर्म आधी भरायचा असतो. अवघड गेला तो पासपोर्ट. अण्णांचे ठसेच उमटेनात. चाळीस वर्षं पहार धरून बोटांवरच्या रेघा झिजून गेलेल्या. खिडकीवरच्या मुलीनं सात-आठ वेळा बोटं पुसायला लावली आणि शेवटी विचारलं, "आजोबा, काय काम करता तुम्ही?" अण्णा म्हणाले, "आता काय न्हाई. ह्याच्या आधी केलं त्याचं हे." मागच्या रांगेतला माणूस हसला. कुठल्या तरी एका अंगठ्यानं अखेर साथ दिली.

दिवाळीची सुट्टी धरली. माझ्या नवऱ्याची रजा ऐनवेळी रद्द झाली, म्हणून आम्ही चौघंच निघालो: अण्णा, आई, सई आणि मी. विमान सकाळचं असल्यानं आदल्या दिवशी दुपारी गावाहून निघून, आळेफाट्याला चहा घेऊन माळशेजमार्गे मुंबईत विमानतळाजवळ मुक्काम केला. आमच्या बाजूनं येणाऱ्यांना पुण्यापेक्षा हा रस्ता जवळचा; कल्याणच्या पुढं मात्र दीड तास हातात ठेवा. आईनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि अण्णांच्या गोळ्या एका कापडी पिशवीत घेतल्या होत्या. ती पिशवी तिनं पुढचे सहा दिवस कुणाच्या हातात दिली नाही.

विमानात बसल्यावर सईला आजोबांचा नियम आठवला. तो आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे: सगळं घर एकदम विहिरीत उतरत नाही. आपलं एक माणूस काठावर पाहिजे. आमच्या घरी हे माणूस म्हणजे कायम आई. लग्नानंतर ती टोळीबरोबर हिंडायची, आणि अण्णा खाली असले की काठावर बसून असायची. मी लहानपणी तिच्या शेजारी बसलेली आहे. थोड्या थोड्या वेळानं ती खाली वाकून "अवो" अशी हाक द्यायची आणि खालून पहारीचे दोन ठोके यायचे. दोन ठोके म्हणजे ठीक आहे. कधी ठोके यायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ ती माझा हात सोडायची नाही. संध्याकाळी त्यावरून भांडण ठरलेलं. "दोन ठोकं द्यायला एवढा उशीर लागतो व्हय?" अण्णा म्हणायचे, "काम करू का तुला वाजवून दाखवू?"

"आजोबा," सई म्हणाली, "मग विमानात कसे सगळे एकदम बसलो?"

"वर जायाला काठ लागत न्हाई," अण्णा म्हणाले आणि पट्टा पुन्हा एकदा तपासला.

साडेसहा तासांनी उतरलो तेव्हा तिथं अजून दुपारच होती. घड्याळ दीड तास मागं घ्यायचं. चार दिवसांसाठी ठरवलेला गाडीवाला न्यायला आला होता. पन्नाशीचा, सावळा, शिडशिडीत. नाव सूर्या. आम्ही आपसात बोलत होतो ते त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि आरशात बघून विचारलं, "तुम्ही मराठी लोक आहात काय?"

आई दचकलीच. सूर्याचे पूर्वज पणजोबांच्याही आधी कोकणातून गलबतानं इथं आलेले, उसाच्या मळ्यात राबायला. घरात क्रिओल बोलतात; मराठी तो देवळातल्या वर्गात शिकलाय, त्यामुळं त्याचं बोलणं पुस्तकातल्यासारखं. "आपला प्रवास सुखकर झाला काय?" असं विचारायचा. आई त्याला म्हणाली, "लई चांगला झाला, बाबा." 'लई' म्हणजे काय, ते त्यानं विचारून घेतलं आणि पुढचे चार दिवस जिथं तिथं वापरलं.

विमानतळ बेटाच्या एका टोकाला आणि आमचा मुक्काम दुसऱ्या टोकाला, उत्तर-पश्चिम किनाऱ्यावर त्रू-ओ-बिश गावात. तासाभराच्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला त्याचं काय कौतुक? पण उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग होते, पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले, घराएवढे. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. ते उतरले, एक धोंडा उचलला, दुसऱ्यावर आपटून त्याचा आवाज ऐकला, तुटलेली कड बोटानं चाचपली.

"हा आपलाच दगड," ते म्हणाले. "काळा पाषाण. हिकडं कसा आला?"

ज्वालामुखीतून, असं मी सांगितलं. आपल्याकडचा दगडही तसाच. सूर्या म्हणाला, "ऊस लावण्यासाठी जमिनीतून हे दगड काढावे लागले. आमच्या लोकांनी हातांनी काढले." अण्णा त्या ढिगाकडं बराच वेळ बघत राहिले. मग सूर्याचा हात हातात घेऊन तळवा उलटा-सुलटा करून बघितला. तो तर गाडी चालवणाऱ्याचा मऊ हात. "चांगलं झालं," असं म्हणून ते गाडीत बसले.

दुसरा दिवस आराम आणि भटकंतीत गेला. खाण्याची चिंता करू नका. रस्त्याच्या कडेला ठेल्यांवर ढोलपुरी मिळते: आत हरभऱ्याच्या डाळीसारखं सारण भरलेली मऊ पोळी, तिच्यात घेवड्याची उसळ आणि तिखट चटणी, दोन पोळ्या कागदात गुंडाळून देतात. आपल्या पन्नास-साठ रुपयांत पोट भरतं. आईनं एक घास खाऊन निकाल दिला, "गूळ घालायला इसरलेली पुरनपोळी हाय." तरी रोज तीच मागायची. हॉटेलातलं जेवण महाग आहे. किनाऱ्यावर खोलीला छोटं स्वयंपाकघर असलेल्या जागा मिळतात, त्या घ्या. तिथला एक रुपया आपल्या जवळजवळ दोन रुपयांच्या भावात पडतो, तेवढा हिशेब डोक्यात असू द्या.

आणि तिसऱ्या दिवशी पाणबुडी.

बुकिंग मी दोन महिने आधी केलं होतं. माणशी साधारण नऊ हजार रुपये, मुलांना थोडं कमी. दर बदलतात, आधी विचारून घ्या. किनाऱ्यावरच्या कचेरीत नोंद करून, सूचना ऐकून आपल्याला एका होडीत बसवतात आणि दहा मिनिटांवर समुद्रात नांगरलेल्या मोठ्या बोटीवर नेतात. पाणबुडी तिथं बोटीला बांधलेली असते. तिच्या डोक्यावरचं गोल झाकण उघडतं, त्यातून उभ्या लोखंडी शिडीनं आत उतरायचं. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत जीव घुसमटत असेल तर विचार करा. पाण्याखाली पाऊण तास काढायचा असतो.

अण्णांनी त्या सकाळी नवा सदरा घातला होता. बोटीवर चढल्यावर त्यांनी आधी पाणबुडी बघितली, मग ती बांधलेला दोर, मग दोराची गाठ. बोटीवरच्या माणसाला, जाँ-मार्क त्याचं नाव, माझ्यामार्फत विचारलं, "किती खोल जाती?"

"पस्तीस मीटर."

मी हिशेब करून सांगितलं, "अण्णा, वीसएक परस."

"वीस," ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा असा मी फार थोड्या वेळा बघितलाय. मग त्यांनी मागं वळून आम्हाला एकेक करून मोजलं आणि विचारलं, "आता वर कोन?"

मला हे आधीच सुचायला हवं होतं. चार तिकिटं काढली, रांगा लावल्या, ठशांसाठी अण्णांना दोनदा नगरला आणलं, आणि ज्या एका गोष्टीवर सगळं घर वाढलं ती माझ्या लक्षात आली नव्हती.

"अण्णा, वर त्यांची माणसं आहेत की. वायरलेसवर सारखं बोलत असतात."

"दोर वढनारा यारीवाला बी असायचा वर. त्याचं लक्ष दोराकडं. आपलं मानूस असतं त्याचं लक्ष आपल्याकडं."

"मग मी थांबते."

"पोरीसंगं पोरीची आई पायजे."

मी जाँ-मार्कला पुढच्या फेरीचं विचारलं. म्हणजे दोघं-दोघं गेलो असतो. दोन दिवस सगळ्या फेऱ्या भरलेल्या, आणि आमचं विमान परवाचं. इतर प्रवासी एकेक करून शिडीनं उतरत होते. मी वळून बघितलं तर आई कठड्याजवळच्या बाकावर बसलीसुद्धा होती. पिशवी मांडीवर, पदर खोचलेला, पाय जवळ घेतलेले. विहिरीच्या काठावर बसायची तशीच. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"जावा तुमी," ती म्हणाली. "मी हाय हितं."

अण्णा शिडीपर्यंत गेले. कठड्याला हात लावला. मग परत आले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"ऊठ."

"का वो?"

"तू जा."

"तुमाला बघायचंय म्हनून तर एवढ्या लांब आलो. पोरीनं एवढं केलं."

"तू बघून ये आन् मला सांग. आजवर मीच सांगत आलोय खालचं."

"मला कुठं सांगता येतंय."

"येतंय. घरी तर थांबत न्हाईस."

सई हसली. आई हसली नाही. ती त्यांच्याकडं बघत राहिली, आणि मला वाटतं आम्ही तिथं आहोत हे दोघंही थोडा वेळ विसरले होते. "प्लीज," जाँ-मार्क म्हणाला. आईनं पिशवी अण्णांच्या हातात दिली. सहा दिवसांत तेवढी एकदाच.

अण्णांनी तिला टोळीतल्या नव्या गड्याला सांगावं तसं सांगितलं. "तोंड शिडीकडं. एक हात सुटला तर दुसरा धरलेला पायजे. खाली बघायचं न्हाई, पाय आपोआप सापडतो." आणि ती कमरेपर्यंत आत गेल्यावर वाकून, "वाजव."

नऊवारीत ती माझ्यापेक्षा चटकन उतरली.

आत जागा बेताची. गार हवा, बारीक घरघर, प्रत्येकाला आपली खिडकी. झाकण बंद झालं तेव्हा आईनं सईचा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. मग खिडकीवर बुडबुडे आले, पाण्याची रेघ वर सरकली आणि आम्ही आत होतो. माशांविषयी मी फार लिहिणार नाही. ते तुम्ही बघालच. पिवळ्या पट्ट्यांचा एक थवा आमच्याबरोबर चालला होता, आणि तळाशी बुडालेल्या एका जुन्या जहाजाचा सांगाडा आहे, त्याच्या फटींतून मासे आपल्या घरात असल्यासारखे ये-जा करतात. सई भराभर फोटो काढत होती. आई मात्र खिडकीला गाल लावून वर बघत होती.

"आई, खाली बघ ना, जहाज."

"थांब." तिचा आवाज बारीक झाला होता. वर, निळ्या उजेडात, आमच्या बोटीचं पोट चिंचोक्याएवढं दिसत होतं. "एवढासाच दिसतो व्हय काठ," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्यांना मी दिसत आसन."

सईनं तेवढ्यात आजीचा फोटो काढला आणि तो बघून आईचा चेहरा उतरला. कपाळावरचं कुंकू काळं दिसत होतं. तिनं बोट लावून बघितलं, बोटावरही काळंच. पुढं बसलेल्या चालकाला मी विचारलं. तो म्हणाला, पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. या खोलीवर लाल असं काही दिसत नाही. मी आईला सांगितलं.

"वर गेल्यावर येईल?"

"येईल."

आईनं पुन्हा वर बघितलं. मग हातातल्या पाटलीनं खिडकीच्या लोखंडी कडेवर दोन ठोके दिले. चालकानं मागं वळून बघितलं. आई त्याला मराठीत म्हणाली, "काय न्हाई बाबा. चालू द्या."

वर आलो तेव्हा ऊन डोळ्यात गेलं. अण्णा शिडीच्या तोंडाशीच उभे होते, पिशवी छातीशी धरून. त्यांनी आईला हात दिला, मग सईला, मग मला. आणि तिघी मोजून झाल्यावर बाकावर बसले. नवा सदरा पाठीला चिकटला होता. जाँ-मार्क माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुमचे वडील पाऊण तास बसले नाहीत. सरबत घेतलं नाही. पाण्याकडं बोट दाखवून दर मिनिटाला विचारत होते, 'ओके?' मी म्हणायचो, ओके. तेवढा एकच शब्द आम्हा दोघांना येतो."

अण्णांनी आईच्या कपाळाकडं बघितलं. लाल होतं. त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

"एकदा बी वाजलं न्हाई," ते म्हणाले.

"वाजवलं की. दोनदा. तुमाला ऐकू आलं न्हाई."

"लई वेळ लागतो काठावर," अण्णा थोड्या वेळानं म्हणाले.

"लागतो," आई म्हणाली आणि पिशवी परत घेतली.

परतीच्या गाडीत तिनं सांगायला सुरुवात केली. मासे, जहाज, चालकाचं टक्कल, एसीचा गारठा, काळं झालेलं कुंकू, सगळं. अण्णा मधेमधे विचारायचे: तळ कसला, वाळू का दगड, भिंतीला पाझर होता का. तिला जे ठाऊक नव्हतं तेही तिनं सांगितलं. सूर्यानं गाडी हॉटेलपाशी उभी केली तरी तिचं संपलं नव्हतं. तो इंजिन बंद करून ऐकत बसला आणि शेवटी म्हणाला, "लई छान."

या प्रवासाला जाणार असाल तर नोव्हेंबर बरा. त्या किनाऱ्यावर समुद्र शांत असतो. घरातली म्हातारी माणसं नक्की न्या. पण उतरायच्या आधी वर कोण थांबणार, ते आपसात बोलून घ्या. आमच्याकडचं एक तिकीट वाया गेलं, असं मी परतल्यावर नवऱ्याला म्हणाले होते. आता तसं म्हणत नाही.

दिवाळीत गेलो आणि लिहितेय मे महिन्यात, एवढा उशीर मी सहसा करत नाही. मागच्या रविवारी गावी गेले होते. आमच्या स्वतःच्या विहिरीतला गाळ काढून नुकताच झाला होता. ही नऊ परसांची विहीर अण्णांनीच खणलेली, तळापर्यंत दगडात पायऱ्या काढलेल्या. आई तीत कधी उतरली नव्हती; तिचं काम वरचं. त्या दिवशी चहा झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, "बघून येते." अण्णांनी तेच तीन नियम पुन्हा सांगितले, इथं शिडी नव्हती तरी. मग पालथ्या घमेल्यावर काठाशी बसले. मी त्यांच्या शेजारी.

थोड्या वेळानं ते वाकले. "अगं."

खालून काही नाही.

"अगं ए."

अण्णा घमेल्यावरून उठले. त्यांनी माझा हात धरला होता, हे बहुतेक त्यांच्या लक्षात नसावं. खालून दगडावर दगड वाजला. एक. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

ते पुन्हा खाली बसले. "मुद्दाम उशीर लावती," ते मला म्हणाले.